आठ काड्या, एक चकती

गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या घरात नऊ छत्र्या होत्या आणि बाहेर न्यायला एकही नव्हती. मोजल्या तेव्हा कळलं. जिन्याखालच्या कोनाड्यात पाच, कपाटामागे दोन, एक गॅलरीत कुंडीतल्या वेलाला आधार म्हणून आणि एक सासूबाईंच्या शिलाई मशीनच्या पायाशी. नऊपैकी आठांचं काहीतरी एकेकच बिघडलेलं. कुणाची एक काडी मोडलेली, कुणाचं कापड काडीच्या टोकावरच्या टोपीपासून उसवलेलं, एकीचा खटका आत गेला तो बाहेरच येईना. नववी धडधाकट होती, पण तिच्यावर बदकं होती आणि आमची लेक आता अकरावीत आहे.

मी मेकॅनिकलची डिप्लोमावाली. नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात अकरा वर्षं ड्रॉइंग ऑफिसात काढली, आता घरी बसून छोट्या वर्कशॉपांची ड्रॉइंग करून देते. कुठल्याही गाळ्यात बनलेला बोल्ट कुठल्याही गाळ्यातल्या नटात गेलाच पाहिजे, हे बघण्याचे मला पैसे मिळतात. त्यामुळे आठ आजारी छत्र्या हॉलमध्ये पसरल्यावर साहजिकच वाटलं, हिची काडी तिला लावू, तिचं कापड हिला. आठांतून चार तरी उभ्या राहतील.

एकही राहिली नाही.

छत्री उघडून आतून बघितली आहे का कधी? दांड्याच्या वरच्या टोकाला एक खाचांची चकती असते, आठ काड्यांची डोकी त्या आठ खाचांत. दांड्यावर वरखाली सरकते ती नळी, तिलाही आठ खाचा, आणि तिच्यापासून प्रत्येक काडीच्या मध्यापर्यंत एकेक टेकू गेलेला. (टेकू हा आमच्या घरातला शब्द, कारखान्यात काय म्हणत असतील ते म्हणोत.) गंमत चकतीत आहे. आठही काड्यांच्या डोक्यांतल्या भोकांमधून एकच बारीक तार ओवलेली असते आणि तिला पीळ मारून कडं केलेलं असतं. म्हणजे एक काडी बदलायची तर पीळ सोडायचा, आणि पीळ सोडला की आठही मोकळ्या. माळेतला एक मणी बदलायला अख्खी माळ सोडावी तसं. त्यातून ती तार गंजलेली असली तर पक्कड लावताच तुटते.

तार तोडून, बोटाला टोचून घेऊन एक काडी काढली आणि दुसरीत बसवली, तर डोकं खाचेत जाईना. तिसरीत गेलं, पण टेकूचा सांधा जरा खाली आला आणि उघडल्यावर तेवढी एक पाकळी लोंबायला लागली. नवरा म्हणाला, "दोनशे-अडीचशेला नवी मिळते." त्याचं बरोबर होतं. त्याचाच तर राग आला.

दुसऱ्या दिवशी भद्रकालीत गेले. तिथे एका बंद दुकानाच्या पायरीवर पावसाळ्यात एक चाचा बसतात. एरवी कुलपं, किल्ल्या, कुकरचे कान, आणि जून लागला की छत्र्या. त्यांच्याकडे मेलेल्या छत्र्यांच्या काड्यांचा भारा होता, सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने बांधलेला. मी पर्समधून व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी, काढला आणि विचारलं, मोजू का?

"मोजून काय होणार, ताई?"

एकतीस काड्या मोजल्या. सगळ्या तेवीस इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या छत्र्यांच्या. लांबी साधारण जुळत होती, पण डोक्यापासून टेकूच्या सांध्यापर्यंतचं अंतर कुणाचं कुणाशी जुळेना. सगळ्यांत आखूड आणि सगळ्यांत लांब यांत तब्बल नऊ मिलिमीटर! डोक्यातलं भोक कुठे सव्वा मिलिमीटर, कुठे पावणेदोन. चाचा हे रोज जुळवतात कसं? टेकू अंगठ्याने किंचित वाकवतात, डोकं कानशीने घासतात, नाहीच जमलं तर दोऱ्याने आवळतात. ते नऊ मिलिमीटर त्यांच्या अंगठ्यात मावत होते. माझा अंगठा तसा नाही, म्हणून मी ड्रॉइंग काढायला बसले.

काड्या बघता बघता एक गोष्ट लक्षात आली होती, ती सांगते. छत्रीची काडी भरीव नसते, पन्हळीसारखी असते, इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची. सॅम्युअल फॉक्स नावाच्या इंग्रज पोलादवाल्याने १८५२ साली ही पन्हळीची काडी काढली. त्याआधी देवमाशाच्या जबड्यातल्या लवचिक पट्ट्या नाहीतर वेत वापरत. कमी पोलादात जास्त ताठपणा, हिशोब एकदम चोख. पण आपल्या पावसाळ्यात पाणी नेमकं त्याच पन्हळीत, सांध्याच्या रिव्हेटपाशी, साचून राहतं. माझ्या आठांपैकी पाच छत्र्या त्याच ठिकाणी गंजून मोडलेल्या.

पहिला आराखडा मी उत्साहात केला. सगळंच सुटं. मूठ आट्यांची, दांडा दोन तुकड्यांत, काडी वेगळी, टेकू वेगळा, त्यांच्या मधल्या सांध्यालाही बारीक स्क्रू, खटका वेगळा, टोप्या वेगळ्या. एकूण त्रेपन्न भाग. ओळखीतल्या एका मुलाकडे थ्रीडी प्रिंटर आहे, त्याने चकती आणि नळी पीएलए प्लास्टिकमध्ये छापून दिली. दोन दिवस मी ते कॉम्प्युटरवर सुटं करून परत जोडायचा व्हिडिओ बघत होते, स्वतःच्याच कामावर खूश.

पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. हे मला माहीत होतं, आणि तरी ती छत्री भर दुपारी उन्हात उभ्या गाडीत, काचेखाली ठेवून मी कॉलेज रोडला कामाला गेले. परत आले तर चकतीची वाटी झाली होती.

दुसऱ्यांदा छापून घेतली आणि चाचांना दाखवायला नेली. त्यांनी ती उघडली नाही. कानाशी धरून हलवली.

"वाजतेय," म्हणाले.

मग एकेक भागाला हात लावत चौकशी. मूठ का सुटी? मोडली तर बदलता येईल म्हणून. "मूठ मोडून कोण येतं? छत्री हरवते ती मुठीसकट हरवते." दांड्याचे दोन तुकडे कशाला? मला चटकन उत्तर सुचलं नाही. त्यांनी बोटं मोजून सांगितलं की त्यांच्याकडे येतात ते आजार तीन. काडी-टेकूचा सांधा, टोपीपाशी उसवलेलं कापड आणि वरची तार. कधीमधी खटका. "बाकी जे स्क्रू लावलेत ना ताई, ते उद्या सैल होऊन माझ्याकडे येणार. चांगलंच आहे म्हणा, माझा धंदा."

घरी येऊन मी त्रेपन्नातले बहुतेक सांधे खोडले. हे सोपं नव्हतं. आपण काढलेली रेघ खोडताना आपलंच काहीतरी कमी झाल्यासारखं वाटतं, ड्रॉइंगवाल्यांना विचारा. उरलं ते असं: काडी आणि टेकू यांची रिव्हेट मारलेली जोडी हा एकच भाग, मोडली की जोडीच बदलायची. तार रद्द. काडीच्या डोक्यात दोन मिलिमीटरची आडवी पिन, आणि चकतीच्या खाचेत ती वरून दाबून बसवायची. खाचेचं तोंड १.८, आतली जागा २.१. म्हणजे पिन टक् करून आत जाते आणि आपणहून बाहेर येत नाही. वरून आट्यांची एक टोपी, ती कापडाचं मधलं भोकही दाबून धरते आणि आठही पिनांवर झाकण होते. नळीला खालून तसंच.

या टक्-च्या आधी एक चूक करून झाली होती. खाचा मोकळ्या ठेवल्या होत्या, सगळं टोपीच्या भरवशावर. टोपी काढली की आठही काड्या एकदम सांडायच्या. मूळ तारेची तक्रार हीच होती ना माझी? महिनाभर काम करून मी तिथेच येऊन पोचले होते.

आता कापड. इथे मला वाटलं काय आहे त्यात, आठ त्रिकोण. एक जुनं कापड उसवलं, मोजलं, थोडी त्रिकोणमिती केली. काठापाशी छत्रीची त्रिज्या पन्नास सेंटिमीटर धरली तर प्रत्येक पाकळीची खालची रुंदी अडतीसच्या थोडी वर येते. उंची काडीइतकी, अठ्ठावन्न. सरळ रेघा मारल्या, कापलं, सासूबाईंनी शिवलं. छत्री अर्धी उघडली आणि अडली. जोर लावला तर काड्यांना पोक आलं.

सासूबाई चाळीस वर्षं ब्लाऊज शिवतायत. त्यांनी एक पाकळी घेऊन दिव्यासमोर धरली. "अगं, गोल अंगाला सरळ कापड बसेल का? मध्ये फुगवटा दे." परत हिशोब केला तर खरंच, काडी कमानीसारखी वाकल्यावर मधोमध पाकळी एकवीस सेंटिमीटरहून थोडी रुंद लागते, आणि माझ्या त्रिकोणात ती एकोणीस भरत होती. प्रत्येक कडेला सेंटिमीटरभर. तेवढ्यावर छत्री अडते.

दुसरी चूक त्यांनी मला आधी करू दिली, मग सांगितली. कापड वाचवायला मी प्रत्येक पाकळीची एक कड कापडाच्या उभ्या धाग्याला लावून कापली होती. एक कड ताठ, दुसरी उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी. उघडल्यावर आठही पाकळ्या एकाच बाजूला पिळल्या, छत्री भोवऱ्यासारखी दिसायला लागली. उभा धागा पाकळीच्या मधोमध उतरला की दोन्ही कडा सारख्याच उरेबात जातात आणि सारख्याच ताणतात. कापड जास्त जातं, त्याला इलाज नाही. शिवाय पाण्याला न जुमानणाऱ्या या कापडाला सुईचं भोक पडलं की ते बुजत नाही, उसवून परत शिवलं की गळायला लागतं. म्हणून त्यांची अट, पाकळ्या आधी साध्या सुती कापडावर शिवून बघायच्या, मगच खरं कापड कापायचं.

कापड काडीला मध्ये कुठेतरी बांधावं लागतं, नाहीतर फडफडतं. बाजारच्या छत्रीत तिथे दोन टाके असतात. बदलता यावं म्हणून आम्ही तिथे छोट्या पट्ट्या आणि टिचबटणं लावली.

चकती आणि नळी या खेपेला नायलॉनची केली, अंबडच्या एका गाळ्यात. लेथवर गोल, मग मिलिंग मशीनवर खाचा. डिव्हायडिंग हेडचं, म्हणजे तुकडा सारख्या अंतराने फिरवणाऱ्या जोडणीचं, गणित शाळकरी आहे. हँडलच्या चाळीस फेऱ्यांना त्यात पकडलेला तुकडा एक फेरी फिरतो, म्हणून आठ खाचांना दर खेपेला पाच फेऱ्या. पोरगं फोनवर बोलत होतं, एका खाचेला चारच फेऱ्या फिरवल्या, आणि आठवी पाकळी गरुडाच्या पंखाएवढी झाली. पैसे मात्र पूर्ण द्यावे लागले, "मटेरियल तर गेलं ना, मॅडम."

दुसरी चकती नीट आली. ऑगस्टमध्ये गंगापूर धरणातून पाणी सोडलं, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेच्या वर पाणी गेल्याचं कळलं, आणि अर्धं नाशिक बघायला निघालं. मीही निघाले, पण मला पूर नको होता, होळकर पुलावरचा वारा हवा होता. पर्समध्ये दोन सुट्या काड्या.

पुलाच्या मधोमध वाऱ्याने छत्री खालून उचलली आणि उलटी केली. हे कुठल्याही छत्रीचं होतं. आधी टिचबटणं सुटली, एकामागून एक, लाह्या फुटाव्यात तशी. मग एक काडी खाचेतून निसटली, कापडातून घसरली आणि कठड्यावरून गोदावरीत. शेजारचे एक गृहस्थ हात जोडून म्हणाले, "गोदामाईला पोचली."

मी म्हटलं, हीच तर परीक्षा आहे. छत्री बंद करून काखेत धरली, टोपी फिरवायला लागले. बोटं ओली, टोपी गुळगुळीत, फिरेना. ओढणीने धरून फिरवली. आट्या बारीक, फिरवतेय फिरवतेय, संपतच नाहीत. एका मावशींनी त्यांची छत्री माझ्यावर धरली, मग त्यांच्या नातवाने मोबाइलचा टॉर्च. पाचसहा जण भोवती, पूर सोडून मला बघतायत. नवी काडी पर्समधून निघाली तेव्हा "अरे वा" झालं, आणि ती खाचेत बसली खरी, पण टोपी लावताना खालची पहिली आटी काही सापडेना. अकरा मिनिटं लागली. नातवाने मोजली. तोवर मी छत्रीशिवाय आल्यासारखी भिजले होते. मावशी जाताना प्रेमाने म्हणाल्या, "नवीनच घे गं बाई, मेन रोडला मिळते."

रात्री तीच चकती बादलीत टाकून ठेवली आणि सकाळी पिन दाबून बघितली. नायलॉन पाणी पितं आणि ओलं झालं की मऊ पडतं. कोरडं असताना टक् वाजणारी खाच आता मुकाट्याने तोंड उघडत होती. पावसात वापरायच्या वस्तूला मी पाण्यात मऊ पडणारं प्लास्टिक लावलं होतं आणि अकरा वर्षं ड्रॉइंग ऑफिसात काढल्याचं सगळ्यांना सांगत होते. पुढची चकती डेलरिन नावाच्या प्लास्टिकची केली. ते जवळजवळ पाणी पीतच नाही आणि त्याला स्वतःची स्प्रिंग असते. टोपीवर नर्लिंग, म्हणजे बोटांना पकड द्यायचा खरबरीतपणा. आट्या जाड्या, तीन फेऱ्यांत बंद. टिचबटणं गेली, सासूबाईंनी त्याजागी कापडाचं तिरकं लूप शिवलं, काडी त्यातून ओवायची. वाऱ्याने ते आणखी घट्ट होतं.

मग घरातली परीक्षा. अशा सहा छत्र्यांचे भाग करून घेतले होते. सगळे सुटे करून मसाल्याच्या मोठ्या डब्यात आणि परातीत मिसळले, आणि सासूबाईंना सांगितलं, हाताला येईल ते उचलून छत्री जोडा. ही कल्पना माझी नाही. होनोरे ब्लांक नावाच्या फ्रेंच बंदूक कारागिराने १७८५ साली थॉमस जेफरसनसमोर (पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला तो) पन्नास बंदुकांच्या चापांचे सुटे भाग मांडले होते. जेफरसनने हाताला येतील ते तुकडे उचलून स्वतः काही चाप जोडले आणि ते बिनचूक बसल्याचं पत्रात लिहून कळवलं. तोवर प्रत्येक बंदुकीचा प्रत्येक तुकडा त्या त्या बंदुकीपुरता घासून बसवत. चाचा अजून तसंच करतात, त्यांच्यासमोर येणारा माल तसा असतो म्हणून.

सासूबाईंनी पहिली छत्री सात मिनिटांत जोडली, तिसरी चारांत. चौथीत एक काडी अडली. मोजली तर पिन २.१५ची. एका काडीसाठी सगळा लॉट परत तपासला. एक काडी बदलायचा वेळ मात्र अडीच मिनिटं, ओल्या हातांनी.

पैशांचं सांगायचं तर दहा नगांच्या हिशोबाने माझी छत्री नऊशे रुपयांच्या खाली येत नाही. चकती, नळी, टोपी साच्यातून काढली तर प्रत्येकी काही रुपयांवर येईल, पण नुसता साचा बनवायलाच एकाने सव्वातीन लाख सांगितले. वजनही बाजारच्या छत्रीपेक्षा दीडशे ग्रॅम जास्त. नवऱ्याने एकदा हळूच विचारलं, हे विकायचंय का आपल्याला? मी म्हटलं, नंतर बोलू. अजून बोललेलो नाही.

सहांपैकी दोन घरात आहेत, एक भाचीकडे. ती रोज इगतपुरीला जाते. इथे शहरात रिमझिम असते तेव्हा तिकडे घाटमाथ्यावर धो धो. तिने पावसाळाभरात तीन काड्या बदलल्या, तिन्ही वेळा मला फोन न करता. एक नणंदेकडे आहे, ती वापरत नाही, जड आहे म्हणते. एक मी बसमध्ये विसरले, मुठीसकट.

सहावी चाचांना दिली होती, दोन सुट्या काड्यांसह. यंदा जूनमध्ये गेले तर छत्री पायरीवर उघडी, तिच्या सावलीत ते जेवत होते. काड्या पुरल्या का विचारलं. म्हणाले, त्या दोन्ही गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवल्यात. मग मोडली नाही का एकही? "मोडली की. दोन मोडल्या." आणि छत्री फिरवून दाखवली. त्यांच्या भाऱ्यातल्या जुन्या दोन काड्या, डोकी कानशीने घासलेली, आडव्या पिनेच्या जागी सायकलच्या आरीचा तुकडा ठोकलेला. माझ्या खाचेत बसलेल्या.

मी व्हर्नियर काढला. एक पिन १.९, दुसरी २.०५. सांध्याचं अंतर माझ्या मापापेक्षा चार मिलिमीटर कमी, आणि तरी पाकळी लोंबत नव्हती. कशी? त्यांनी टोकाच्या टोपीत कागदाची घडी घालून कापड तेवढं ताणून घेतलं होतं.

"टोपी थोडी खोल ठेव," डबा बंद करत ते म्हणाले, "म्हणजे कागद लागणार नाही."

त्या रात्री ड्रॉइंग उघडलं, काडीच्या टोकावरच्या टोपीची खोली आठ मिलिमीटरची बारा केली, आतून आट्या दिल्या, म्हणजे फिरवून मागेपुढे करता येईल. रिव्हिजनच्या चौकटीत सातचा आकडा घातला. बदल सुचवणाऱ्याच्या रकान्यात काय लिहायचं ते कळेना, चाचांचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं.